भाऊजींनी हात न लावलेली वीस यंत्रं

आमच्या भाऊजींनी पीठ मळायचं यंत्र शोधून काढलं, कारखाना उभा केला आणि गावाचं नाव मोठं केलं, असं त्यांच्या सत्काराच्या भाषणांत सांगतात. भाषणं करणाऱ्यांपैकी एकानेही त्यांचं यंत्र विकत घेतलेलं नाही. ज्यांनी घेतलं, ते बेकरीवाले भाऊजी लांबून येताना दिसले की दार लावून घेतात.

कारण भाऊजींना धड चाललेलं काही बघवत नाही. यंत्र नीट चालू असलं की त्यांचे हात शिवशिवतात. सहज चौकशीला म्हणून जायचे, चहा येईपर्यंत झाकण काढायचे, आणि चहा संपेपर्यंत यंत्र आधीपेक्षा चांगलं झालेलं असायचं. फक्त ते बेकरीवाल्याला चालवता येत नसे. एकाचं बटण त्यांनी पाठीमागे नेलं. आता चुकून चालू होणार नाही, म्हणाले. खरंच होत नसे. मुद्दाम चालू करायचं तरी भिंतीशी अंग चोरून आत शिरावं लागे. खिशात पाना नाही असं कधी व्हायचं नाही, म्हणून लोकांनी त्यांना 'पानासाहेब' करून टाकलं.

ही खोड लहानपणापासूनची. वडील शिंपी. त्यांचं मशीन या चिरंजीवांनी खोललं आणि इतकं वेगवान करून जोडलं की वडिलांच्या हातून एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले गेले. वडिलांनी बदडून काढलं. पुढे हे पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा माझ्या बहिणीपेक्षा पंख्याकडेच जास्त बघत होते. तो पंखा तेव्हापासून कुरकुरत नाही. ताईचं तसं सांगता येणार नाही.

शेजारच्या बेकरीवाल्याचा खांदा कामातून गेला, म्हणून त्यांनी पहिलं यंत्र केलं. ते उत्तम होतं, हे मी मान्य करतो. तिथेच थांबायला हवं होतं. पण दुसरं त्याहून चांगलं केलं, तिसरं दुसऱ्याहून. त्यामुळे एकाचा भाग दुसऱ्याला बसेना. दात झिजलेलं साधं चाक बदलायचं तरी ते नव्याने घडवावं लागे, ते बसवायला भाऊजीच जात, आणि गेले की बटण मागे. मी कारखान्याचा कारभार बघतो, म्हणजे शिव्या खातो. लोक कंटाळून बाहेरची यंत्रं घेऊ लागले आणि कारखान्याला टाळं लागायची वेळ आली.

तेव्हा माझी भाची, भाऊजींची एकुलती एक, इंजिनिअर होऊन घरी आली आणि तिने वीस यंत्रांचं काम मिळवलं. गिऱ्हाईक मोठं, गावोगाव बेकऱ्या. अट एकच: कुठल्याही यंत्राचा भाग कुठल्याही यंत्राला बसला पाहिजे. नाही बसला तर सगळी यंत्रं परत, आणि मग कारखाना संपला. भाचीने आराखडा स्वतः काढला आणि वडिलांसमोर बसली.

"बाबा, एकालाही हात लावायचा नाही. सुधारायचं नाही. सगळी सारखी हवीत."

भाऊजी बरं म्हणाले. माझा काडीचा विश्वास बसला नाही. आम्ही त्यांना वरच्या मजल्यावर खोली दिली, दारावर 'संस्थापक' अशी पाटी लावली, आणि मी माझं टेबल जिन्याच्या तोंडाशी हलवलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी संस्थापकाची खुर्ची खोलली. ती आता मागे रेलत नाही, पुढे रेलते. मग दाराची कडी, मग खुद्द पाटी. रोज एकदा खाली यायचे, हात पाठीमागे बांधून यंत्रांच्या रांगेतून फिरायचे आणि ब्रही न काढता वर जायचे. मला वाटलं, माणूस थकला. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

तपासणीला गिऱ्हाइकाचा इंजिनिअर आला. त्याने एका टोकाच्या यंत्राचं चाक काढून दुसऱ्या टोकाच्या यंत्राला लावलं, झाकणं अदलाबदल केली, दांडे इकडचे तिकडे केले. सगळं बसलं. त्याने सही केली आणि कामगारांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजींनीही वाजवल्या, जरा उशिरा.

पाहुणे गेल्यावर भाची यंत्रावर हात ठेवून म्हणाली, अगदी बिनचूक झालं. भाऊजी काही बोलले नाहीत. पण बाप कधी नुसताच गप्प आहे आणि कधी काही गिळून बसलाय, हे लेकीला कळतंच. तिने खोदून खोदून विचारलं.

"तेल घालायचं भोक," ते शेवटी म्हणाले. "हातभर वर हवं होतं. म्हाताऱ्या माणसाला रोज गुडघे टेकावे लागतील."

ती बघायला वाकली. तिलाही गुडघे टेकावे लागले.

"कधी लक्षात आलं तुमच्या?"

"पहिलं झालं तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"माझं असतं तर बोललो असतो. हे तुझं होतं."

उभ्या आयुष्यात या माणसाने आपलं आणि दुसऱ्याचं असा फरक केला नव्हता. बेकरीवाल्यांचं यंत्र भाऊजींचं, आमचा पंखा त्यांचा, बापाचं मशीनसुद्धा त्यांचंच. आणि आता रोज डोळ्यांसमोर वीस चुका घेऊन हा माणूस खाली-वर करत होता, आणि मी जिन्याशी पहारा देत होतो. मला भरून आलं.

भाची तशीच जमिनीवर बसली. ओढणीने डोळे पुसले.

"पुढच्या खेपेला वर घेऊ," ती म्हणाली. "बाबा, आणखी काय काय चुकलंय?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना बसायला स्टूल आणून दिलं आणि ताईला फोन लावला, आमच्यासाठी जेवायची थांबू नकोस म्हणून.