पाखऱ्याचं दावं

आधीच कबूल करते, या भुताखेतांच्या ग्रुपवर मी दोन वर्षं फक्त हसायला येत होते. चिंचेखालची बाई, मागून हाक मारणारा माणूस... वाचायचं आणि मैत्रिणीला फॉरवर्ड करायचं. आता तुम्ही माझ्यावर हसा, हक्क आहे तुमचा.

मी इन्स्टॉलेशन आर्टिस्ट आहे. म्हणजे वस्तू अशा मांडायच्या की माणसाने त्यांच्यामधून चालावं आणि त्याला काहीतरी जाणवावं. आमच्या गावात एवढंच सांगतात, "आबाची पोरगी पुण्यात सामान लटकवते." तेही खोटं नाही म्हणा.

गेल्या हिवाळ्यात जाफराबादजवळ एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये मी काम मांडत होते. आमच्याकडे बैल विकला तरी त्याला बांधायचं दावं देत नाहीत, ते घरीच खुंटीवर राहतं. अशी साठेक दावी मी जीपने गावोगाव फिरून, हातापाया पडून मागून आणली. प्रत्येकाला घरधन्याच्या नावाची चिठ्ठी बांधली आणि पत्र्याखालच्या लोखंडी पाइपवरून सरळ खाली सोडली. चिठ्ठी नव्हती ती एकालाच. ते आमच्या घरचं, पाखऱ्या बैलाचं. आबांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलंच नव्हतं.

उद्घाटनाला चार दिवस होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास बघते तर सगळी दावी सरळ लोंबतायत आणि एक, पाखऱ्याचं, तिरपं... नुसतं तिरपं नाही, ताणलेलं. मागच्या दाराकडे. दार बंद, वारा नाही. मी ते ओढून सरळ केलं, तर हातातून हळूहळू परत गेलं. मी चिडले. पाइपमध्येच खोट असणार म्हणून त्याची जागा बदलली, दुसऱ्या टोकाला नेऊन बांधलं. दुसऱ्या दिवशी पाच वाजता ते तिथूनही मागच्या दाराकडेच ताणलेलं. दाराबाहेर काय, तर जुना हौद, अजून पाणी असलेला. पूर्वी कापसाच्या गाड्यांचे बैल तिथे पाणी प्यायचे.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सारखी उठून फोनवरचे फोटो मोठे करून बघत होते.

तिसऱ्या दिवशी आबा आले. जीपमधून उतरले ते तणतणतच.

"खुंटीवरचं दावं तू आणलं? इचारायचं न्हाई का? काय करून राह्यली तू हे?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी ते बघितलं. पाच वाजून गेले होते. ते जवळ गेले, दाव्यावर हात ठेवला. मला वाटलं दचकतील. ते नुसते उभे राहिले.

"तहानलाय," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "त्या दिवशी पाणी दाखवलं व्हतंस ना त्याला?"

आठ वर्षांपूर्वी आबांचा गुडघा गेला आणि पाखऱ्या विकावा लागला. दारातून जाणाऱ्या बैलाला कुंकू लावतात, पाणी पाजतात. आबांच्याने गोठ्यात पाय टाकवेना. मला म्हणाले, तू पाणी दाखव. माझा फोन चालू होता, कॉलेजच्या प्रवेशाचं बोलणं होतं. व्यापाऱ्याने जल्दी केली, पाचच्या सुमारास टेम्पो गेला. आत आले तेव्हा आबांनी विचारलं होतं, दाखवलंस ना? मी हो म्हणाले होते.

"न्हाई, आबा," मी म्हणाले. माझी मान वर होईना, अंगभर लाज लाज झाली होती.

त्यांनी दाव्यावरचा हात काढला नाही. मग म्हणाले, "आठ वर्षं मी मनाला सांगत व्हतो. गेला, पर पाणी पिऊन गेला." आणि मग, "बादली आण."

मी हौदातून बादली भरून आणली, दाव्याच्या टोकाखाली धरली. दावं सैल होत होत सरळ झालं. पाणी चार बोटं उतरलं होतं. मी पुन्हा पुन्हा पाहिलं, बादली गळकी नव्हती, खाली जमीन कोरडी होती.

आबांनी दावं सोडलं, खांद्यावर टाकलं आणि मिळेल त्या जीपने घरी गेले.

प्रदर्शन झालं. एक जागा मोकळी राहिली होती, ती पुण्याच्या मंडळींना फार खोल वाटली. एक मित्र म्हणाला, अंबाडीचा दोर हवेतल्या ओलीने पीळ धरतो, तसंच झालं असेल. असेल. मग बादलीचं काय?

दावं खुंटीवर आहे, गप्प आहे. आबा माझ्याशी बोलतात, चहा करतात, पुढचं काम काय म्हणून विचारतात. पण मी घरी असले आणि त्यांनी विचारलं, "पाण्याची मोटार बंद केली का गं?" की मी हो म्हणते. आबा गुडघ्यावर हात देऊन उठतात आणि स्वतः बघून येतात.