ओवाळणीत काय मागू?

आमच्या घरात भाऊबीजेला बहिणीनं तोंडानं मागायचं, अशी रीत होती. दुसरीकडं भाऊ गुपचूप ताटात घालायचं ते घालतो आणि बहीण गोड मानून घेते. आमच्या आईला ते पटायचं नाही. वर्षातनं एकदा तरी पोरीनं हक्कानं मागावं, असं तिचं म्हणणं. त्यामुळं ओवाळून झालं की ताट तसंच हातात धरायचं, काय पाहिजे ते सांगायचं, भावानं "व्हय" म्हणायचं आणि मगच ताट खाली ठेवायचं. पेटत्या निरांजनासमोर "व्हय" म्हटलं की माघार नाही.

भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. निपाणीपासून जवळच आमचं गाव, आणि वडील तंबाखू लावायचे, जसे तिकडचे सगळेच लावायचे. मी सात वर्षांची असताना फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक मागितला होता. चार वर्षांचा हा शहाणा पाटावर बसून "न्हाय" म्हणाला. फ्रॉक दिला तर आपले फटाके जातील, अशी त्याची समजूत. मी ताट खाली ठेवायला तयार नाही आणि तो "व्हय" म्हणायला तयार नाही. माझे हात थरथरायला लागले, तेल पाटावर सांडलं, आई ओरडली. शेवटी वडिलांनी मागून त्याच्या वतीनं कबूल केलं. फ्रॉक मिळाला, पण त्याआधी मी त्याला एक चिमटा काढलाच. हट्टीपणात मी कुणाला हार गेले नाही, आजही जात नाही.

नववीत घड्याळ मागितलं. कॉलेजसाठी बेळगावला आले तेव्हा खडेबाजारातल्या एका दुकानात टांगलेली पर्स मागितली, कारण वर्गातल्या एका मुलीकडं तसली होती. पैसे वडिलांचेच असायचे, पण भाऊ ऐटीत "व्हय" म्हणायचा.

लग्न झाल्यावर मागणं बदललं, आणि खरं सांगायचं तर बिघडलं. सासरी दिवाळी झाली की चार बायका विचारायच्या, माहेरनं काय आलं? मग साडीचा पदर उलगडून दाखवावा लागे. मला ती आवडली की नाही, हा प्रश्नच नव्हता. एकदा तर जावेकडं होती म्हणून मी तसलीच गर्द हिरवी साडी मागितली आणि दाखवून झाल्यावर एकदाही नेसले नाही. भाऊ तेव्हा नुकताच निपाणीत तंबाखूच्या वखारीत पानं निवडायच्या कामाला लागला होता. कशी आणली त्यानं, मी विचारलंसुद्धा नाही. माझी मला लाज वाटते.

पुढं मला शाळेत नोकरी लागली, बेळगावजवळ पिरनवाडीत घर झालं, कपाट भरलं, आणि मागायला काही उरेना. मग मी शेतातल्या शेंगा माग, गुळाची ढेप माग, असलं काहीबाही मागायची. आई-वडील गेल्यावर एका वर्षी म्हटलं, मला काय नको, तू मुक्कामाला राहा. तो राहिला. तेव्हापासून तो पाडव्याला संध्याकाळी यायचा आणि भाऊबीज करून दुपारच्या बसनं परत जायचा.

गेल्या वर्षीच्या पाडव्याला तो आला तो गळाठलेलाच दिसला. मी मटण केलं होतं. त्यानं तांबड्या रश्श्याची वाटी अलगद बाजूला सारली आणि दही मागून घेतलं. आमच्या भागातल्या माणसानं तिखट नको म्हटलं की काहीतरी बिघडलंय असं समजावं. पित्त झालंय, तो म्हणाला. भाकरीचा तुकडा त्यानं दह्यात एवढा भिजवला की तो चमच्यानं खावा लागला. घास नखाएवढा. मी माझं जेवण सोडून त्याच्या तोंडाकडं बघत होते.

कारण मला गावातला, आमच्या गल्लीतला एक माणूस आठवला. आम्ही लहान असताना तंबाखूची पोती वजन करायचं काम करायचा. हळूहळू त्याचं तोंड मिटत गेलं, मग मिरजेला नेऊन जबडा काढला म्हणे. परत आला तो तोंडाला कायम टॉवेल गुंडाळून. आम्ही पोरं त्याच्या दारावरनं पळत जायचो. एकदा वाऱ्यानं टॉवेल सरकला आणि मी जे बघितलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, इथंही सांगणार नाही. सहा महिन्यांत तो गेला.

आणि आमचा हा दिवसातनं पाच-सहा वेळा मावा खायचा. सुपारी, चुना आणि तंबाखू प्लास्टिकच्या तुकड्यात चोळचोळ चोळायची आणि गालात धरायची. वखारीत सगळेच खातात. मी वीस वर्षं त्याच्यावर ओरडले. ओरडून काय झालं? माझ्यासमोर खायचा बंद झाला, एवढंच.

भाऊबीजेच्या सकाळी मी मागच्या दारी पायरीवर मिश्री लावत बसले होते. बोट दातांवर फिरत होतं आणि डोक्यात तोच विचार. तेवढ्यात तो तोंड धुवायला आला. त्यानं ब्रश घेतला, ओठाशी नेला, इकडं वळवला, तिकडं वळवला. आत जाईना. माझ्याकडं पाठ करून त्यानं पेस्ट बोटावर घेतली. मी चूळ भरली आणि उठले.

त्याला पाटावर बसवलं. टिळा लावला, ओवाळलं, लाडू भरवायला हात पुढं केला, तर त्यानं लाडू हातात घेऊन त्याचा चुरा केला आणि चिमटीनं तोंडात सोडला. दाढ दुखत्या, म्हणाला. मी ताट उचललं.

"सोमवारी माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं आणि तोंड दाखवायचं. हेच पाहिजे मला," मी म्हणाले.

तो हसला. दाढेसाठी एवढं कशाला, म्हणाला. साडी घे की चांगली. वखारीत काम लई हाय. पुढच्या महिन्यात बघू. मी ताट धरून तशीच उभी राहिले. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचे हात ते, किती वेळ टिकणार? निरांजन हलत होतं. त्यानं वर बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"व्हय," तो म्हणाला. मग अगदी हळू म्हणाला, "मलाबी भ्या वाटतंय गं आक्का."

गणपतीपासून त्याला माहीत होतं. गालाच्या आत पांढरं काहीतरी झालं होतं, आरशात बॅटरी मारून तो रोज बघायचा. बायकोला सांगितलं नव्हतं, कुणालाच नव्हतं. सांगितलं की खरं होतं, म्हणाला. दवाखान्यात गेलो तर ते जबडा काढायचंच बोलणार, त्यापेक्षा हाय तवर जगू. एवढा धडधाकट माणूस, शंभर किलोचं पोतं एकटा सरकवणारा, पाटावर बसून लहान पोरासारखा रडला. माझी त्याला चिमटा काढायचीही ताकद नव्हती. सोमवारपर्यंतचे दोन दिवस मी त्याला गावी जाऊ दिलं नाही. गेला तर परत येणार नाही, ही भीती.

सोमवारी बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात लाकडी बाकावर आम्ही सकाळपासून बसलो. समोरून नाकात नळी घातलेली माणसं जात होती. प्रत्येक नळीगणिक माझं काळीज हलत होतं आणि ते लपवायला मी त्याला रागवत होते. तरी सांगत होते, ऐकलंस का? बघ आता, बघ. तो मान खाली घालून ऐकून घेत होता. शेजारची एक बाई शेवटी मला कन्नडमध्ये म्हणाली की त्यांना आता कशाला बोलता, बिचारे घाबरलेत. घाबरलेली मी जास्त होते, हे तिला काय माहीत.

डॉक्टर तरुण बाई होत्या. कन्नडमध्येच बोलत होत्या. त्यांनी "बाय तगीरी" म्हटलं, म्हणजे तोंड उघडा, आणि त्याच्या दातांच्या मध्ये आपली बोटं उभी घालून मोजलं. एक बोट जेमतेम मावलं. निरोगी माणसाच्या तोंडात तीन मावतात, म्हणाल्या. गालातला तुकडा तपासायला घेतला. खाणं काय काय असतं, हे त्यांनी त्याला विचारलं आणि उत्तर मी दिलं. कधीपासून मावा, दिवसाला किती, चुना कसला, सगळा पाढा वाचला. वर हेही ऐकवलं की आमच्या घरात दुसरं कुणी तंबाखूला शिवत नाही, मी स्वतः शाळेत पोरांकडनं तंबाखू न खाण्याची शपथ म्हणवून घेते.

त्या लिहायच्या थांबल्या आणि माझ्या दातांकडं बघत राहिल्या. मिश्री लावता का, त्यांनी विचारलं.

लावते की, मी म्हणाले. आई लावायची, आजी लावायची, गल्लीतल्या सगळ्या लावतात. सकाळी लावल्याशिवाय डोकं दुखतं, पोट साफ होत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. ती काय खायची असते का? थुंकूनच टाकायची. आणि हे सगळं मी त्यांना समजावून सांगत होते, बरं का, शाळेतल्या पोरांना सांगावं तसं. माझ्या तोंडातनं "तंबाखू" हा शब्द गेला तेव्हा तो मलाच ऐकू आला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

डॉक्टर हसल्या नाहीत. मला खुर्चीवर बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, "बाय तगीरी."

खालच्या ओठाच्या आत, हिरडीपाशी, दोन-तीन महिन्यांपासून एक खरबरीत जागा होती. दुखत नव्हती. उष्णता असेल म्हणून मी तिच्यावर रोज जरा जास्तच मिश्री चोळत होते, बरी व्हावी म्हणून. डॉक्टरांनी तिला बोट लावलं आणि ते तिथून काढेचनात. मग नर्सला काहीतरी आणायला सांगितलं. माझाही तुकडा घेतला. भाऊ दाराशी उभा होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. स्वतःच्या वेळी तो एवढा घाबरला नव्हता.

रिपोर्टला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी शाळेत गेले, पेपर तपासले, स्वयंपाक केला आणि जीभ सारखी त्या जागेवर जात राहिली. डबी मी पहिल्या दिवशीच कचऱ्यात टाकली आणि तिसऱ्या दिवशी डोकं एवढं ठणकलं की कचऱ्यात हात घालून शोधली. सापडली नाही, कचरा गेला होता. घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं की खरं होतं, हे आता मलाही पटलं होतं. भावाचा रोज फोन यायचा. मावा सोडलास का, एवढं मी विचारायची आणि तो सोडला म्हणायचा. मिश्रीचं तो कधी विचारायचा नाही.

आठव्या दिवशी तो पहाटेच्या बसनं आला. डॉक्टरांनी त्याचा रिपोर्ट आधी वाचला. कॅन्सर नव्हता. तोंड पूर्वीसारखं उघडणार नाही, मावा जन्मात परत तोंडाला लावायचा नाही, रोज दातांत लाकडी पट्ट्या धरून व्यायाम करायचा, दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं. मी देवाला हात जोडले. खरोखर त्या क्षणी मला वाटलं की आता माझं काहीही निघो. हे वाटणं फार वेळ टिकलं नाही.

डॉक्टरांनी दुसरा कागद घेतला. तो त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला, मग परत एकदा वाचला. नंतर माझ्याकडं वळून "तुमच्यासोबत कोण आलंय?" असं विचारलं.

इतकी वर्षं मी प्रत्येकाची सोबत म्हणून दवाखान्यात गेलेली बाई. भाऊ खुर्ची सरकवून पुढं आला आणि त्या एका बोटाच्या तोंडातनं म्हणाला, "मी हाय. भाऊ हाय मी त्यांचा."

पुढचं सगळं त्या त्यालाच सांगत होत्या. लवकर सापडलंय, ऑपरेशन करायचं, किती कापावं लागेल ते आत बघितल्यावर कळेल. मला फक्त तो टॉवेल दिसत होता. मी त्याचा दंड धरला, घट्ट, नखं रुतेपर्यंत.

"मला जगायचंय रं," मी म्हणाले.

तो माझ्याकडं बघू शकला नाही. खाली मान घालून त्यानं माझे कागद एकेक करून फाईलमध्ये लावले आणि डॉक्टरांना आपल्या मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, ऑपरेशनला उद्याच घेता येईल का.