बंब आला तेव्हा तव्यावर काय होतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय आला की मी चटकन आरती सुरू करते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या सासूबाईंना पाहिलेलं नाही.

आमच्या घरात एक गोष्ट फार हौसेनं सांगतात. आम्ही अमेरिकेत, कॅरी गावात नवीन होतो, अपार्टमेंटमध्ये राहत होतो, आणि मी भरताचं वांगं भाजायला घेतलं तर इतका धूर झाला की आगीचा बंब आला. माझी नात ती गोष्ट आल्यागेल्याला ऐकवते, 'आजी बर्न्ड अॅन एगप्लांट' म्हणून. सगळे हसतात. मीही हसते — सगळ्यात मोठ्यानं मीच.

वांगं नव्हतं ते.

सिगार होते. अख्खा खोका. मी, पुण्याची उषा, बॉटनीची बी.एस्सी., आठवा महिना लागलेला, आणि समोर पोळ्यांच्या तव्यावर सिगार — पापड भाजावेत तसे मी ते उलथन्यानं उलटत होते, खिडक्या बंद करून. याहून मूर्ख बाई त्या दिवशी नॉर्थ कॅरोलायनात दुसरी कुठे असेल?

झाली कबुली, असं तुम्हाला वाटेल. थांबा. सिगारचं सांगणं सोपं आहे. खरं काय ते त्याच्या मागे लपलं आहे, आणि मी अजून त्याच्या जवळही आलेले नाही.

आधी सासूबाई सांगायला हव्यात. त्या कागलजवळच्या गावच्या. एकुलत्या एका मुलाकडे, माझ्या बाळंतपणाला म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून आल्या. आणि त्या मशेरी लावत. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून चुरलेली तंबाखू. सकाळी उठल्यावर ती बोटावर घ्यायची आणि दातांवरून सावकाश फिरवायची. दिवसातून तीनदा, कधी चारदा. त्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे आणि पोटही. आमच्या पुण्याच्या घरात चहासुद्धा दुसरा कप मागितला तर व्यसन म्हणत. मी लग्न झाल्यापासून त्या डबीकडे नाक मुरडत होते. त्यात मी आता अमेरिकेत राहत होते. अमेरिकेत राहणाऱ्या बाईला किती शहाणपण येतं, तुम्हाला कल्पना नाही.

दिनकर, म्हणजे माझा नवरा, त्यांना न्यूयॉर्कहून घेऊन आला. न्यूयॉर्कच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबानं त्यांची पिशवी उघडून कढीपत्ता काढून घेतला होता, त्याचं त्यांना फार लागलं होतं. आल्या, आंघोळीला गेल्या. मी मदत म्हणून बॅग उपसायला बसले — खरंच मदत म्हणून? — आणि लुगड्यांच्या घडीत ती डबी सापडली. पितळेची, घट्ट झाकणाची. बाथरूममध्ये पाणी वाहत होतं. मी डबी उचलली, खाली गेले, मोठ्या कचरापेटीत टाकली आणि वर येऊन हात धुतले.

हे ते. आलं एकदाचं.

पण नुसतं टाकणं असतं तर मी आज तुमच्यापुढे बसले नसते. आंघोळ करून आल्या, बॅग पाहिली, पुन्हा पाहिली, गादी उचलून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. तेव्हा, 'आई, टाकली मी' म्हणायला काय झालं होतं? भांडण झालं असतं, दोन दिवस अबोला, संपलं. मी म्हणाले, कस्टमवाल्यांनी काढून घेतली असेल, कढीपत्त्याबरोबर. त्यांना ते पटलं. खोटं पटलं की माणसानं थांबावं ना? त्यांनी विचारलं, नाव लिहून घेतलं असंल का गं माझं? आणि मला चेव चढला. मी म्हणाले, लिहितातच. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा त्यांच्या ऑफिसातून फोनही आला होता.

त्या खाली बसल्या. म्हणाल्या, मशेरीचं काय न्हाई, पर डबी माझ्या आईची होती.

मी त्याच पावली खाली गेले. तुम्ही म्हणाल, निदान तेवढं तरी. कचऱ्याची गाडी येऊन गेली होती.

त्या दिवसापासून पोस्टमन आला तरी सासूबाई आतल्या खोलीत. युनिफॉर्म दिसला की पदर कपाळावर. मोटारीतून जाताना दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं — तुम्ही कॅरीचं आजचं रूप पाहून जाऊ नका, तेव्हा गावाबाहेर पडलं की तीच होती — आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी. एकदा म्हणाल्या, गाडी थांबीव, दोन पानं तोडून घेते. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, आई, नाव आधीच लिहिलेलं आहे, त्यात चोरी नको. एकदा केलेलं खोटं किती कामाला येतं पाहा.

आठवडाभरात त्यांचं डोकं धरलं, पोट धरलं, जेवण सुटलं. लेकाच्या नोकरीवर यायला नको म्हणून दिनकरला यातलं काही सांगितलं नाही, एवढंच म्हणाल्या, मला गावी पाठव. तो हादरला, आईला इथं करमेना, आपलं काय चुकलं, असं रात्रंदिवस मला विचारायला लागला. आणि मी कशानं हादरले सांगू? बाळंतपण तोंडावर आलं होतं आणि त्या गेल्या तर माझं कोण करणार, या विचारानं. त्यांच्या दुःखानं नाही. हा माझा कळवळा.

म्हणून मी तंबाखू शोधायला निघाले. पाइपची आणली तर तिला चेरीचा वास. सासूबाईंनी हुंगून, मोरावळा हाय, म्हणून परत केली. चघळायची आणली, ती तव्यावर उकळून पाक झाली. मग शॉपिंग सेंटरमधल्या सिगारच्या दुकानात गेले. साडी, वर दिनकरचा कोट, कोटातून पुढे आलेलं पोट. दुकानदार म्हातारा गोरा, अतिशय सभ्य. मिस्टरांसाठी का, म्हणाला. मी हो म्हणाले. दिनकरला उदबत्तीनं शिंका येतात.

पहिला सिगार मी निवडला तो त्याच्यावरची सोनेरी पट्टी सुंदर होती म्हणून. घरी आणला. सासूबाईंनी तो नखानं उकलला: आत चुरा, त्यावर एक जाडंभरडं पान, त्यावर बाहेरचं नाजूक पान. बाहेरचं पान त्यांनी उजेडात धरलं आणि म्हणाल्या, ह्याला शिराच न्हाईत, ह्यो कागद हाय. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन सांगितलं, माझे मिस्टर म्हणतात याच्या पानाला शिरा नाहीत. म्हाताऱ्यानं चष्मा काढला. म्हणाला, तुमच्या मिस्टरांना कळतं. फार स्वस्त सिगारांना खरं पान नसतंच, तंबाखूची भुकटी लाटून कागदासारखं केलेलं असतं. आणि मग त्यानं मला शिकवायला घेतलं. बाहेरच्या पानाला तो रॅपर म्हणे. आत काहीही असो, म्हणे, तोंडाला पहिली चव रॅपरची आणि शेवटचीही त्याचीच. मी मनात म्हटलं, मोदकाची पारी. हे मला कळतं.

त्यानं सांगितलं, महाग घेऊ नका, पण पारखून घ्या. शिरा हव्यात पण बारीक. सुतळीसारख्या शिरा म्हणजे पान राठ. रंग सगळीकडे सारखा. बोटानं हलकं दाबा, दबून परत वर आला पाहिजे. किंचित तेलकट झाक हवी. मी बाजारात भेंडी निवडते तशी सिगार निवडायला लागले.

आणि घरी परीक्षा. दिनकर कामावर गेला की खिडकी उघडायची, पंखा लावायचा, एकेक रॅपर सोलून तव्यावर. फिकट पानाची मशेरी सायीच्या चहाच्या रंगाची. सासूबाई बोट फिरवून म्हणाल्या, गवत. मग मी काळंकुळकुळीत पान आणलं. आम्हा दोघींना खात्री, काळं म्हणजे जहाल. तर ते निघालं गोड. सासूबाई इतक्या फसल्या की हसल्याच. म्हणाल्या, ही मशेरी न्हवं, काकवी हाय. शेवटी खारकेच्या रंगाचं, किंचित तांबूस असं एक पान मिळालं, फारसं महाग नाही. त्यांनी बोट दातावर ठेवलं, डोळे मिटले. हां, म्हणाल्या. ह्यो चावतोय.

म्हाताऱ्याला मी ही सगळी मतं इंग्रजीत करून कळवत होते. त्यानं एकदा पेट्रोल पंपावर मला आणि दिनकरला पाहिलं आणि येऊन दिनकरचा हात हातात घेऊन म्हणाला, सर, तुमच्यासारखी जीभ क्वचित भेटते. दिनकर अजून समजतो, तो दारू प्यायला होता.

बंब आला त्या दुपारी मी फार खूश होते. सासूबाई जेवायला लागल्या होत्या, जायचं नाव काढत नव्हत्या. मला जवळ बसवून डोक्याला तेल लावत आणि म्हणत, माझ्यापायी तू सरकारच्या नजरेत येशील गं, जपून आण. ऐकलंत ना? त्यांना वाटत होतं, साहेबानं मना केलेली वस्तू मी जिवावर उदार होऊन आणते आहे. तेव्हा सांगायला हवं होतं. मी मान खाली घालून म्हटलं, जरा डावीकडे चोळा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बाळंतपणात दुकानात कोण जाणार, म्हणून महिन्याची बेगमी करावी असं माझ्या डोक्यात आलं. अख्खा खोका, सोलायचा कंटाळा, थंडी म्हणून खिडक्या बंद. अलार्म किंचाळला, शेजारणीनं फोन केला, बंब आला. दारात युनिफॉर्ममधली धिप्पाड माणसं. मी दार अडवून उभी राहिले — तव्याकडे त्यांचं लक्ष जाऊ नये म्हणून. माझं पोट एवढं होतं की दार खरंच अडलं.

तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. डोक्यावर पदर, काखेत कापडी पिशवी, हातात पासपोर्ट. सगळ्यात पुढच्या माणसासमोर उभ्या राहिल्या, पासपोर्ट पुढे केला आणि मराठीत म्हणाल्या, "मला न्या. माझ्या लेकाचं नि सुनंचं ह्यात काय न्हाई."

त्याला वाटलं, म्हातारी धुरानं घाबरली. त्यानं त्यांचा दंड अलगद धरून त्यांना खाली नेलं, गवतावर बसवलं, अंगावर ब्लँकेट टाकलं, नाकाला ऑक्सिजन लावला. त्या शिक्षेची वाट पाहत ताठ बसून राहिल्या. त्या माणसानं वर येऊन तवा सिंकमध्ये टाकला, काळे कोळसे पाहिले आणि काय होतं म्हणून विचारलं. मी म्हणाले, वांगं.

बंब गेला. मी त्यांच्याशेजारी गवतावर बसले. आता तरी? तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं माहीत आहे? म्हणाले, मी बोलले त्यांच्याशी. या वेळेला सोडून दिलंय.

मुलगा झाला. त्यांनी माझं सगळं केलं, शेक-शेगडीपासून डिंकाच्या लाडवांपर्यंत, आणि वसंतात परत गेल्या. मुलगा चालायला लागल्यावर आम्ही गावी गेलो. तर मी गावात प्रसिद्ध. विहिरीपासून देवळापर्यंत बायका मला पाहायला आल्या. सासूला पकडायला अमेरिकेचे पोलीस आले आणि ही पोटुशी पोर दारात आडवी उभी राहिली, हे त्यांना तोंडपाठ होतं; दिनकरनं ते गावगप्पा म्हणून सोडून दिलं. एका आजीनं माझी दृष्ट काढली. मी काढून घेतली.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी मला माजघरात बोलावलं. फडक्यात बांधलेली मशेरीची डबी होती, कोल्ड क्रीमची जुनी, प्लॅस्टिकची. पुढल्या खेपेला त्या येणार होत्या, तेव्हासाठी. स्वतःच्या पिशवीतून आणायची त्यांची हिंमत नव्हती. त्यांनी ती माझ्या हातात दाबली, दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्या पिशवीत ठेव. आनि साहेबानं धरलंच, तर सासूची हाय म्हणून सांग. माझं नाव त्येंच्याकडं लिवलेलंच हाय, तुझं कशाला लिवायला देतीस?"