लटारूने सोडलेली मासळी

लटारू भात कशाशी खात असेल, हा विचार सुगंधाबाईंच्या मनातून जाता जात नव्हता. बल्लारपूरकडच्या कोळसा खाणीत दिवसभर टोपल्या उचलायच्या आणि ताटात वरणाचं पाणी. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरचा माणूस, वैनगंगेच्या काठी वाढलेला. दोन वर्षं झाली, त्याने मासळीला हात लावला नव्हता. का, ते सगळ्या आरमोरीला ठाऊक होतं. ते कारण खोटं आहे, हे मात्र एकट्या सुगंधाबाईंना ठाऊक होतं.

लटारू कोशाचा माणूस. भाऊबंद नदीवर जाळी टाकत तेव्हा हा रानात असायचा. पावसाळ्यात येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर रेशमाचे किडे चढवायचे आणि ते कोसा बांधेपर्यंत झाडाखाली मुक्काम करून पाखरांपासून, मुंग्यांपासून, गांधीलमाश्यांपासून त्यांना जपायचं. तेवढे दिवस तो मासळी खात नसे, दाढी करत नसे, खाटेवर निजत नसे. झाडांभोवती गवताची दोरी ताणलेली असे. आत यायचं तर अंघोळ करून, आणि दुसऱ्याच्या रानातलं पानसुद्धा आत आणायचं नाही. बियाण्याचे कोसे त्याच्या आज्यापासून चालत आलेले होते. दरवर्षी चांगले निवडून तो ते आढ्याला टांगून ठेवी.

सुगंधाबाई नागपूरला प्राणिशास्त्र शिकून इथल्या शाळेत शिकवायला आलेल्या. पुस्तकातला किडा झाडावर पाहायचा म्हणून त्या लटारूकडे गेल्या, तेव्हा त्याने आधी त्यांना ओढ्यावर हातपाय धुवायला पाठवलं. त्या हसल्या. किड्याला विटाळ कळतो का, असं त्यांनी विचारलं.

"किड्याले नाक नाई बाई, पण त्याले कळते," तो म्हणाला.

मग त्यांनी त्याला किड्याच्या कुशीवरची बारीक भोकं दाखवली. हा तोंडाने श्वास घेत नाही, या भोकांतून घेतो, असं सांगितलं. लटारूने बोटभर जाडीचा तो हिरवा किडा बराच वेळ न्याहाळला.

"म्हंजे तोंड खायले मोकळंच. आमच्या रुखमीले अशी भोकं असती तर भांडता भांडता दमलीच नसती."

त्याची बायको रुखमाबाई तिथेच भाकरीचं गाठोडं सोडत होती. आपल्याला भोकं नाहीत म्हणूनच हा अजून घरात टिकून आहे, असं तिने ऐकवलं. तेव्हापासून सुगंधाबाईंचं त्या घराशी जुळलं. किडा चारदा कात टाकतो हे त्यांना पुस्तकातून माहीत होतं. कात टाकण्याआधी तो मान वर करून दिवसभर उपाशी बसतो आणि तेव्हा त्याला हलवलं तर मरतो, हे लटारूने शिकवलं.

पंचावन्न सालच्या भादव्यात सुगंधाबाईंची मुलगी रंभा विषमज्वरातून उठली होती. नऊ वर्षांची पोर, काडीसारखी झालेली. तिचं मन रमावं म्हणून ओळखीच्या फॉरेस्ट गार्डाने गोंडपिपरीकडून डब्यात पाच किडे आणून दिले. पोर त्यांच्यासाठी पानं आणू लागली, त्यांच्याबरोबर दोन घास खाऊ लागली. आठवड्याभरात किडे मलूल झाले. अंगावर मिरपूड सांडावी तसे डाग आले. रंभाने ताट सरकवलं. हे मेले तर मी जेवणार नाही, म्हणाली.

आईचा जीव. विचार करायला थांबला नाही. डब्यात कोंडल्यामुळे ते सुकले, मोकळ्या झाडावर सावरतील, असं त्यांनी रंभाला सांगितलं आणि स्वतःलाही पटवलं. भर दुपारी लटारू ओढ्यावर गेलेला पाहून त्या दोरीखालून वाकून आत शिरल्या आणि पाचही किडे कडेच्या येनावर सोडून आल्या. हातपायही धुतले नाहीत. त्या संध्याकाळी रंभा पोटभर जेवली.

तीन आठवड्यांत कडेच्या झाडापासून किडे गळायला लागले. लटारूने पाठवलेला एक मेलेला किडा सुगंधाबाईंनी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तांदळाच्या कणीसारखे चमकणारे दाणे, हजारोंनी. हा रोग विष्ठेतून पानावर, पानातून दुसऱ्याच्या पोटात आणि मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो. परीक्षेत त्यांनी हे पानभर लिहिलं होतं. लटारूची गवताची दोरी नेमकी त्यालाच अडवत होती.

त्या सांगायला निघाल्याही. पण लटारूच्या अंगणात जातीची पंचायत बसली होती आणि तो हात जोडून उभा होता. हंगाम चालू असताना मेव्हणीच्या घरी बारशाला त्याने माशाचा एक तुकडा खाल्ला होता. त्याचाच कोप झाला, असं तो स्वतःच सांगत होता.

"माह्या जिभेनं खाल्ले सारे किडे," तो म्हणाला. "आता जलमभर मासळी नाई."

सुगंधाबाई कुंपणाशी उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या. आज नको, उद्या सांगू. पुढच्या आषाढात आज्याच्या बियाण्यातून किडे निघाले ते चार दिवसांत मेले. याचा हात लागायला नको म्हणून कोणी त्याला दुसरं बियाणं दिलं नाही. तो खाणीत निघून गेला. त्यांचं उद्या तसंच राहिलं.

आज शनिवारी रुखमाबाई शाळेत आली, ती हे विचारायला की दसरूच्या हातात नारळ द्यायचा तर धोतरही द्यावं लागतं का. दसरू म्हणजे लटारूचा चुलतभाऊ. येनाची झाडं त्याला देऊन टाक, असा लटारूचा निरोप होता. सोमवारी पंच बसणार. एकदा नारळ दिला की झाडं परत मिळत नाहीत, त्या लोकांत तशी रीतच नाही.

"रोज सपनात किडे येतात म्हणते," रुखमाबाई सांगत होती. "मान वर करून बसलेले. मी त्याले म्हनलं, तू इथी ये, आपण दोघं पाहू. तर म्हणते, मी आलो का तेबी मरतीन."

सुगंधाबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि मग सगळं सांगितलं. डबा, डाग, दोरी. रुखमाबाईने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मले काऊन सांगता बाई," ती म्हणाली. "मासळी मी थोडीच सोडली."

पत्र पोचेपर्यंत सोमवार उलटून जाईल आणि ते तिकडे दुसराच कोणी वाचून दाखवील. पोस्टात फोन होता. खाणीच्या ऑफिसात मजुराला बोलावून देतात, असं रुखमाबाईच म्हणाली. पण आरमोरीहून बल्लारपूरला आवाज पोचवायचा तर ओरडावं लागे. पोस्टमास्तर, खिडकीपुढची रांग, बाहेर बसलेले बाजारकरी, सगळ्यांच्या कानावर जाणार होतं की शाळेतल्या बाईंनी चोरून रोगट किडे सोडले आणि दोन वर्षं तोंड मिटून बसल्या.

त्यांनी चपला घातल्या. रुखमाबाईला बरोबर चल म्हणाल्या. खिडकीशी पोचल्यावर पोस्टमास्तरांनी नंबर मागितला आणि लाईन खराब आहे, मोठ्याने बोलावं लागेल, असं बजावलं.

"बोलेन," सुगंधाबाई म्हणाल्या. "लावा."