खिडकीची किल्ली

वन्सं गेल्या आणि दोनच दिवसांत शाळेचा मेल आला. तो वाचून मला रडू आलं नाही, तळपायाची आग मस्तकात गेली. ‘आमच्या लाडक्या सहकारी’ म्हणे! खाली सही हेडबाईंची. ज्या बाईनं वन्संच्या हातातून चौथीचा वर्ग काढून घेतला, तिचीच.

मालतीवन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. इथे जर्मनीत, लुडविग्सहाफेनला एका इंग्रजी-जर्मन शाळेत शिकवायच्या. अमेरिकेची राज्यघटना कशी जन्मली, हा त्यांचा हातखंडा धडा. ऐन उकाड्यात त्या वर्गाच्या सगळ्या खिडक्या लावायच्या, कुलूप घालायच्या आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवायच्या. का, तर फिलाडेल्फियात घटना लिहिणारी माणसं भर उन्हाळ्यात अशीच बसली होती, बाहेर शब्द फुटू नये म्हणून. मग मुलं घामाघूम होऊन भांडायची, मोठ्या राज्यांना मतं जास्त की सगळ्यांना सारखी? खिडकी उघडायची तर ठराव मांडायचा, बहुमत मिळवायचं. आणि शेवटी वन्सं विचारायच्या, “आता सांगा, त्या खोलीत कोण नव्हतं?” मुलं आठवून आठवून सांगायची... बायका नव्हत्या, गुलाम नव्हते, तिथले मूळचे लोक नव्हते.

“अहो वन्सं, एवढ्याशा पोरांना हे कळतं?” मी एकदा विचारलं.

“ज्याला कुणी खेळायला घेत नाही ना, त्याला आधीच कळलेलं असतं गं,” त्या म्हणाल्या.

पण जर्मनीत खिडकी बंद ठेवायची म्हणजे पापच की! इथे कडाक्याच्या थंडीतसुद्धा लुफ्टन, म्हणजे खिडक्या उघडून हवा खेळवायची. एका आईनं तक्रार केली आणि हेडबाईंना आयतंच कोलीत मिळालं. मीटिंग झाली, वन्संना न बोलावता. वर्ग गेला. वन्सं लायब्ररीत पुस्तकांना कव्हरं घालत बसल्या आणि पुढच्याच वर्षी तोच धडा, खिडक्या सताड उघड्या ठेवून, हेडबाईंचा ‘प्रोजेक्ट’ म्हणून गाजला. शेवटचा प्रश्न तेवढा गाळला! वन्सं म्हणाल्या, “जाऊ दे गं.” मी नाही जाऊ दिलं. माझा स्वभावच नाही तो.

हॉस्पिटलात त्यांनी मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं, तेव्हा किल्ली त्यात तशीच होती...

गेल्या पंधरवड्यात त्याच वर्गात शोकसभा झाली. मी आधी जाऊन एकेक खिडकी लावली, किल्ली फिरवली. वन्संचे विद्यार्थी, आता कॉलेजात जाणारे, दाटीवाटीनं बसले. हेडबाई ‘आमचा धडा’, ‘आमचा धडा’ करत बोलत होत्या. हळूहळू त्यांच्या कपाळावरून धारा लागल्या.

“बरं का, जरा लुफ्टन करू या,” म्हणत त्या वळल्या.

“ठराव मांडा,” मी म्हटलं.

मागे खसखस पिकली. “खिडकी उघडावी असं कुणाला वाटतं?” मी विचारलं. हात एकच वर, हेडबाईंचा. तेवढ्यात वन्संच्या शेवटच्या वर्गातली युलिया उठली. “फ्राऊ मालतींचा वर्ग काढून घ्यायचं ठरलं, त्या खोलीत कोण नव्हतं?”

“फ्राऊ मालती!” अख्खा वर्ग एका आवाजात म्हणाला.

हेडबाई मट्‌कन खाली बसल्या. शेवटचं भाषण संपेपर्यंत, बंद खिडक्यांआड, तशाच बसल्या. दया आली का मला? छे! त्या उकाड्यातही जिवाला गार वाटलं.

किल्ली आता माझ्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या खिळ्याला असते. सकाळी चहा ठेवताना हात आपसूक तिच्याकडे जातो. परवा शाळेचा मेल आला, शाळेची वस्तू आहे, परत करा. सही हेडबाईंची.

मी दोनच शब्दांचं उत्तर पाठवलं. ठराव मांडा.