चौथ्या खिळ्यावरची मावशी

कारकुनाने काजवाल्या मावशीला मारलं ते निव्वळ एका खिळ्यापायी.

शिवणखान्याच्या दारासमोरच्या भिंतीवर तीन फोटो होते: मालकांचे वडील, मालकांचे चुलते आणि जुना इस्त्रीवाला. तिघेही वारलेले. चौथा खिळा मोकळा होता. मावशी समोरच्या कारखान्यात चालली आहे, अशी कुणकुण मालकांना लागली होती. सव्वीस वर्षं कोटांना हाताने काजं करणारी बाई. ती गेली तर कोट दोरीने बांधून विकावे लागले असते. तेव्हा तिचं काहीतरी कौतुक करा, पण खर्च नको, असं मालकांनी फर्मावलं.

कारकुनाने डोकं लढवलं. तिच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून चौकटीत बसवला, खाली ‘आमच्या लाडक्या मावशी’ अशी पट्टी चिकटवली आणि संध्याकाळी जाता जाता चौथ्या खिळ्यावर टांगून मोकळा झाला.

सकाळी येऊन बघतो तर मशिनं बंद आणि अख्खा शिवणखाना भिंतीसमोर माना खाली घालून उभा. बटणवाली डोळे पुसत होती. एरवी सगळ्यांच्या आधी येणारी मावशी आज नेमकी आली नव्हती, मग शंका कुणाला येणार? कारकुनाने तोंड उघडलं, पण कॉलरी शिवणाऱ्या मास्तरांनी त्याला हातानेच गप्प केलं. बोलायची पाळी त्यांची होती.

मास्तर कौतुकाच्या बाबतीत भलतेच काटकसरी. पण गेलेलं माणूस स्तुतीने डोक्यावर बसत नाही, या भरवशावर ते सुटले. त्यांच्या बिघडलेल्या कॉलरी मावशी गुपचूप उसवून ठीक करायची आणि कुणाला पत्ता लागू द्यायची नाही, हे त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. बटणवालीने सांगितलं, बाळंतपणानंतर दोन महिने तिचं अर्धं काम मावशीनेच ओढलं. मग मास्तर पुन्हा पुढे सरसावले. मावशीची छोटी कात्री अकरा वर्षांपूर्वी हरवली होती, ती आपणच नेली होती, असं ते म्हणाले.

“माहीत होतं मला,” दारातून आवाज आला.

मावशी डबा घेऊन उभी होती. बटणवाली मटकन खाली बसली. मावशीने आधी फोटो न्याहाळला, मग माणसं.

“थांबलात का? बोला की. जिवंतपणी एवढं कधी ऐकलं नव्हतं.”

मग तीच म्हणाली की समोरच्या कारखान्यात जाऊन आली, तिथे प्रत्येक टेबलाला स्वतंत्र दिवा आहे, आणि दुपारपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. डोळे आता काळ्या कापडावर काळा दोरा पाहायला कुरकुरतात.

“दिव्याचे माझे तीन अर्ज कुठे आहेत रे?”

ते कारकुनाच्या खणात होते, कंगव्याखाली. त्याने स्वतःच्या टेबलावरचा, ज्याच्या उजेडात तो शब्दकोडी सोडवायचा, तो दिवा उचलला, मावशीच्या टेबलावर ठेवला आणि गुडघ्यांवर रांगत वायर भिंतीपर्यंत नेली. दिवा लागला. मावशीने सुईत दोरा घातला, तोही पहिल्या फटक्यात. दुपारी समोर ‘नाही’ असा निरोप गेला.

कारकून फोटो उतरवायला गेला तर मावशीने अडवलं. राहू दे म्हणाली, पुढे पुन्हा खर्च नको.

कात्री मात्र अजून आलेली नाही. विचारलं की मास्तर म्हणतात, धार लावायला टाकली आहे.