मतदानानंतरची खडी

आमचा व्हर्लिन जज झाला तेव्हा मी त्याच्या बायकोला, माझ्या बहिणीला ग्लेनाला, म्हटलं, "अगं, घरात तुझ्यापुढे ज्याचं तोंड उघडत नाही, तो काउंटी काय चालवणार?"

"न बोलता चालवेल, ताई," ग्लेना म्हणाली.

आणि चालवतोय की. पूर्वी रस्तेखात्यात ट्रक चालवायचा. अजूनही कचेरीत बसला की स्टिअरिंग धरल्यासारखे दोन्ही हात टेबलावर ठेवतो.

आता जज म्हणजे काळा झगा घालणारा नव्हे हं. पूर्वी आमच्या केंटकीत काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, जज निवाडेही द्यायचा आणि रस्तेही बघायचा. मग निवाडे गेले कोर्टाकडे, आणि या निवडून दिलेल्या माणसाकडे उरले रस्ते, पूल, ॲम्ब्युलन्स, भटकी कुत्री आणि तुरुंगाचं गळकं छप्पर. हाक मात्र 'जज' अशीच.

आधीच्या जजची एक रीत होती. मे महिन्यातलं मतदान जवळ आलं की ज्या घरात मतं जास्त, त्याच्या दारापर्यंत काउंटीची खडी. खासगी वाटेवर सरकारी खडी टाकायची नाही असा कायदा आहे, पण जजचा ट्रक अडवणार कोण? आणि ट्रकवर असायचा आमचा व्हर्लिनच. स्वतः जज झाल्यावर पहिली ती रीत त्याने मोडली.

दुसऱ्या निवडणुकीला ते अंगाशी आलं. डोंगरातल्या ज्या घळीत स्लोन मंडळी राहतात, ती अख्खी घळ त्यांच्यातल्या म्हाताऱ्या ओशीमावशीच्या शब्दावर मत देते, आणि व्हर्लिन मागच्या वेळी जेमतेम निवडून आलेला. समोर उभा होता जुन्या जजचा पुतण्या, एमरी. तो दारोदार खडी कबूल करत हिंडत होता. त्यात मावशीचं खुब्याचं हाड मोडलेलं, आणि तिच्या वाटेवर इतका चिखल की ॲम्ब्युलन्स खालीच थांबायची.

व्हर्लिन तिच्याकडे गेला. मीही गेले, अशी मजा कोण सोडतं?

"मावशी, वाट काउंटीच्या नावावर करून दे. मग खडी हक्काची होईल," तो म्हणाला.

"माझ्या सासऱ्याने खेचर जुंपून काढलेली वाट ती. तुझ्या काउंटीला देऊ? एमरी तर फुकट टाकतो म्हणतोय."

"एमरी एकदाच टाकेल. पुढच्या पावसाला पुन्हा त्याच्या पाया पडशील."

"आणि तू कधी टाकणार?"

"काउंटीच्या सभेने मंजूर केल्यावर. पण मतदान झाल्यानंतर."

"आधी टाकायला काय झालं, जजसाहेब? हात दुखतात?"

"आधी टाकली तर लोक म्हणतील, ओशी स्लोनचं मत एक ट्रक खडीला गेलं."

"इतकं स्वस्त?" मावशी म्हणाली आणि बीन्सचं पातेलं आमच्याकडे सरकवलं.

आम्ही मक्याचा पाव मोडून खाल्ला नि निघालो, तर व्हर्लिनची गाडी तिच्याच चिखलात रुतली. मावशी पडवीतून काठी टेकून बघत होती. तिच्या पुतण्याने ट्रॅक्टरने गाडी ओढून काढल्यावर तिने हाक मारली, "व्हर्लिन, आण तुझा कागद. जजच बाहेर पडत नाही तिथून, तर माझी शवपेटी कशी निघायची?"

सही झाली, सभेने वाट काउंटीच्या रस्त्यांत घेतली. मतदानापर्यंत खडीचा एक दगड पडला नाही. ग्लेनाला जेवण जाईना. मीही तिला धीर द्यायचा सोडून म्हटलं, "नवरा पुन्हा ट्रकवर गेला तर घरात ऐकायला कुणी उरणार नाही, निदान तू गप्प तरी बसशील."

व्हर्लिन निवडून आला, पण काठावर. आणि स्लोनांच्या घळीतली जवळजवळ सगळी मतं एमरीला!

मी चिडले. तो नाही. सोमवारी पहिला ट्रक त्याने मावशीच्या वाटेला लावला आणि स्वतः पुढे उभा राहून खडी पसरून घेतली. दुसरा ट्रक आला तेव्हा मी मावशीला विचारलंच, "मावशी, लाज नाही वाटत?"

"कसली? वाट आता काउंटीची. कुणीही निवडून आलं तरी खडी येणारच होती. मग व्हर्लिनवर मत का वाया घालवू? एमरीला दिलं. बिचाऱ्याला घरातली तरी मिळाली असतील का, देव जाणे."

व्हर्लिन फावड्यावर रेलून एवढा हसला, एवढा हसला, की मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला. चार वर्षं त्याला नेमकं हेच हवं होतं ना: मत कुणालाही दे, खडी येईलच. फक्त पहिला धडा आपल्यालाच मिळेल हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"पुढच्या वेळी बघू," मावशी म्हणाली. "त्या वळणावर जरा जास्त टाक."

त्याने टाकली.